वर जाताना कळ, खाली येताना ठणका

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची, वय २५. दोन वर्षांपासून विमानात केबिन क्रू म्हणून काम करते, सध्या राहायला हैदराबादला. माझ्या डाव्या खालच्या दाढेत शाळेत असताना चांदी भरली होती. मागच्या उन्हाळ्यात ती काढून पांढरं फिलिंग करून घेतलं, दोन ड्युट्यांच्या मधे, एकाच बैठकीत. तेव्हापासून विमान चढायला लागलं की दहा-पंधरा मिनिटांत त्या दाढेत सुई टोचल्यासारखी कळ येते आणि जाते. जमिनीवर काही नाही, गार पाण्याने थोडं शिवशिवतं एवढंच. दुसरं म्हणजे गेल्या महिन्यात सर्दी होती, तेव्हा विमान उतरताना उजवीकडच्या वरच्या दाढा ठणकायला लागल्या आणि हॉटेलवर पोचल्यावरही तासभर ठणकत होत्या. त्यातल्या एकीवर कॅप आहे. मैत्रीण म्हणते, फ्लाइटच्या आधी पेनकिलर घे आणि ऑफिसात बोलू नकोस, ग्राउंड करतील. आत्या म्हणते, "काढून टाक की ती दाढ, किती दिवस कुरवाळत बसणार?" दिवाळीला घरी येणार आहे, भावंडांनी मालवणला स्कूबा करायचं ठरवलंय. करू का? विमानामुळे फिलिंग निघतं का? पाण्याखाली दात फुटतो असं वाचलं, ते खरं का? ता. क. आत्याही म्हणते, मी पण पाण्यात उतरणार.

उत्तर:

तुझ्या पत्रातल्या दोन शब्दांखाली मी पेनने रेघ ओढली: 'चढायला' आणि 'उतरताना'. खुर्चीवर बसलेला पेशंट बहुतेक वेळा "दाढ दुखते" एवढंच सांगतो. कधी, कशाने, किती वेळ, हे त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं. तू न विचारता सांगितलंस, त्यामुळे तुला न बघताही बरंच बोलता येतंय. निदान मात्र न बघता करणार नाही. ते तोंड उघडल्यावरच.

पहिली गोष्ट म्हणजे तुझं दुखणं एक नाही, दोन आहेत. डावीकडचं वेगळं, उजवीकडचं वेगळं. दोघांचं नातं एवढंच, की दोन्ही हवेच्या दाबाने उघडी पाडली.

हा दाब काय करतो ते बघायला विमान लागत नाही, गगनबावड्याची वाट पुरते. घाटमाथ्यावर पाण्याची प्लास्टिकची बाटली पिऊन संपव, बूच घट्ट लाव आणि गाडीत टाकून दे. करूळ घाट उतरून वैभववाडीला पोचेपर्यंत तिची गालफडं आत गेलेली असतात. उलट मालवणात घेतलेला वेफर्सचा पुडा घाट चढून वर आला की तट्ट फुगतो. आतली हवा तेवढीच असते, बाहेरचा दाब बदललेला असतो. घाटात कानात दडे बसतात तेही ह्याच कारणाने. फरक एवढाच, की कानाला आवंढा गिळून किंवा जांभई देऊन मोकळं होता येतं. दातात अडकलेल्या हवेला जांभई देता येत नाही.

आता तुझ्या विमानाचं बघू. ते ३५ हजार फुटांवर उडत असलं तरी केबिनमधली हवा तितकी विरळ होऊ देत नाहीत. ८ हजार फुटांच्या डोंगरावर जितका दाब असेल, त्याच्या खाली केबिन सहसा जात नाही. ड्रीमलायनरसारख्या नव्या विमानांत तर ६ हजार फुटांइतकाच ठेवतात. ८ हजार फुटांवरचा दाब म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट, आणि तिथे कोंडलेली हवा एक तृतीयांशाने फुगते. हा बदल उड्डाणानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत आणि उतरण्याआधीच्या तेवढ्याच वेळात होतो. मधे विमान सरळ चाललेलं असताना केबिनचा दाब जागच्या जागी असतो. तुझी कळ दहा-पंधरा मिनिटांत येते ती म्हणूनच. प्रवाशाला हे वर्षातून चार वेळा सोसावं लागतं. तुझ्या एका दिवसात चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, असतील तर तुझी दाढ दिवसात आठ वेळा घाट चढते-उतरते.

पाण्याचा हिशेब याहून कडक आहे. दर १० मीटर खोलीला हवेच्या एका आख्ख्या वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. आपल्याकडची पोरं पाच मीटर खोल विहिरीत तळाची माती आणायला जातात, तेव्हा त्यांच्या अंगावर दीडपट दाब असतो. विमानाच्या केबिनमध्ये एका उड्डाणात होतो त्याच्या दुप्पट बदल एका बुडीत. तरी विहिरीत पोहणारा दाढ धरून बाहेर आलेला मी क्वचितच पाहिलाय. तो श्वास रोखून जातो आणि तोच श्वास घेऊन वर येतो. खाली असताना त्याच्या दातात नवी हवा शिरत नाही. सिलिंडरवाल्या डायव्हरचं तसं नसतं. तो खालच्या वाढीव दाबाचीच हवा तोंडातून घेत असतो. फिलिंगच्या कडेला केसाएवढी फट असेल तर ती हवा हळूहळू आत जाऊन बसते. वर येताना तिला पसरायचं असतं आणि आलेल्या फटीतून तेवढ्या वेगाने बाहेर पडता येत नाही. १० मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत तिचं आकारमान दुप्पट होतं. २० वरून १० वर येताना ते दीडपटच होतं, म्हणजे शेवटचे दहा मीटर सगळ्यात वाईट. अशा वेळी जुनं फिलिंग उडतं किंवा दाताचा कोपरा तुटतो. तू वाचलंस ते हेच. त्याला ओडोन्टेक्रेक्सिस म्हणतात, ग्रीकमधून आलेला शब्द, अर्थ दात फुटणं. खरं आहे, पण फटाक्यासारखं काही होत नाही. कमकुवत झालेला दात तडकतो. धडधाकट दाताच्या वाटेला हे जात नाही.

दातदुखी आणि आकाशाचं हे नातं दुसऱ्या महायुद्धात ठळक झालं. तेव्हाची बरीच लढाऊ विमानं दाब न राखता उंच जायची आणि वैमानिक वर गेल्यावर गाल धरायचे. त्याला तेव्हा एरोडॉन्टाल्जिया म्हणत. पुढे पाण्यातही तेच दिसल्यावर दोन्हींसाठी मिळून बॅरोडॉन्टाल्जिया हे नाव रुळलं. आपल्या कोल्हापूरच्या विमानतळाची, उजळाईवाडीची, धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ सालची. तेव्हा तिथून उडणाऱ्यांच्या दाढांचं कुणी लिहून ठेवलं असतं तर मला वाचायला फार आवडलं असतं.

आता तुझी डावी दाढ. वर जाताना येणारी, टोचणारी, क्षणभराची कळ आणि गार पाण्याला शिवशिव, या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की माझं बोट आधी नसेकडे जातं, हवेकडे नंतर. दाताच्या पोटातली नस जिवंत आहे पण चिडलेली आहे, असं याचं साधं वाचन. कळ मंद आणि ठणकती असती, तर नस बऱ्याच दिवसांपासून सुजलेली असावी असं म्हटलं असतं. चढताना काहीच नाही आणि उतरताना मंद ठणका, तर नस मेलेली असण्याचा संशय. चढताना-उतरताना दोन्हीकडे आणि जमिनीवर आल्यावरही थांबत नसेल, तर मुळाशी पू किंवा गाठ. लष्करी विमानदळांचे दंतवैद्य साधारण अशाच तऱ्हेने दुखण्याच्या वेळेवरून अंदाज बांधतात. निदान त्यावरच करत नाहीत, पण एक्स-रे कुठल्या दाताचा काढायचा ते त्यावरून ठरतं.

नस का चिडली असेल? शाळेत चांदी भरली म्हणजे कीड तेव्हाच खोल असणार. चांदी काढताना तिच्याखालची मऊ झालेली कीड अजून थोडी कोरावी लागते. खड्डा नसेच्या आणखी जवळ जातो. पांढरं फिलिंग निळ्या लाइटखाली कडक करतात आणि कडक होताना ते किंचित आकसतं. थराथराने भरलं, प्रत्येक थर वेगळा पक्का केला, दाढ लाळेपासून कोरडी ठेवली, तर हे आकसणं सांभाळता येतं. घाईत एकदम भरलं तर तळाशी फट राहू शकते, किंवा मसाला दाबताना हवेचा बुडबुडा आत अडकतो. तव्यावरची भाकरी आठव. कड नीट थापलेली असेल तर वाफ आत कोंडते आणि भाकरी टम्म फुगते. कुठे चीर असेल तर वाफ तिथून निसटते. दाढेतला बुडबुडा पहिल्या भाकरीसारखा असतो, फरक इतकाच की वरची पापडी दगडाची आहे. फुगायला जागा न मिळालेली हवा खालच्या नाजूक बाजूला रेटा देते आणि त्या बाजूला नस असते.

हैदराबादच्या डॉक्टरांनी घाई केली असं मी म्हणत नाही. दाढ पाहिलेली नाही, आणि तू स्वतःच दोन ड्युट्यांच्या मधे त्यांना एक बैठक दिलीस. तू काय काम करतेस ते त्यांना सांगितलं होतंस का, हे पत्रात नाही. मला वाटतं नसेल सांगितलं. फार कमी लोक सांगतात, आणि आम्ही विचारत नाही.

ह्याबाबतीत माझेच हात काळे आहेत. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक पोरगा आला होता, गोव्याकडे डायव्हिंग शिकायला निघालेला. रूट कॅनल अर्ध्यात होती. आत कापसाचा बोळा, वर तात्पुरतं सिमेंट, आणि "पंधरा दिवसांनी ये" म्हणून पाठवला. कुठे जातोस हे मी विचारलं नाही, त्याला सांगावंसं वाटलं नाही. कापसाच्या बोळ्यात हवा नाही तर दुसरं काय असणार? दुसऱ्या बुडीतून वर येताना सिमेंट सुटून तोंडात आलं. नशिबाने त्याने ते गालात धरून ठेवलं. घशात किंवा श्वासनळीत गेलं असतं तर मला आज हे सदर लिहायला तोंड नसतं. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर नाव आणि वयाखाली एक ओळ आहे: 'काम काय? उंचावर, पाण्यात?' कंपाउंडरला आधी तिचं हसू यायचं.

उजवीकडच्या वरच्या दाढांचं मात्र मला दातांपेक्षा नाकाचं वाटतं. वरच्या मागच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, म्हणजे सायनसच्या, तळाला अगदी खेटून असतात. काहींच्या तर मुळांचं टोक आणि पोकळी यांच्यात कागदाएवढंच हाड असतं. सर्दीने सायनसचं तोंड बंद झालं की विमान उतरताना आत कमी दाबाची हवा आणि बाहेर वाढता दाब, असं ओढाताणीचं काम सुरू होतं. दाढांना आणि त्या पोकळीला जाणाऱ्या नसा एकाच घराण्यातल्या, त्यामुळे मेंदूला वाटतं दाढा दुखतायत. खुणा सांगते. एक नाही, दोन-तीन दाढा एकदम दुखतात. खाली वाकून बुटाची लेस बांधताना जास्त जाणवतं. गालावर दाबलं तर जड वाटतं. सर्दी गेली की दुखणंही जातं. तुझं तसं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नको. नाक मोकळं करणारे स्प्रे स्वतःच्या मनाने रोज मारत बसू नकोस. काही दिवसांत नाक उलट त्यावरच अडून बसतं.

तरी एक कोपरा मोकळा ठेवते. त्यातल्या एकीवर कॅप आहे म्हणतेस. कॅपखालची नस कधीतरी शांतपणे मेलेली असू शकते, आणि मेलेल्या नसेची दाढ नेमकी उतरतानाच ठणकते. म्हणून त्या दाढेचा मुळापर्यंतचा एक एक्स-रे काढूनच सोडायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

दिवाळीत आलीस की मी काय करेन ते सांगते, म्हणजे तू रजा त्या हिशेबाने टाकशील. पहिल्या दिवशी एक्स-रे, गार लावून नस तपासणं, टकटक करून बघणं. गार लावल्यावर कळ येऊन लगेच जात असेल, तर नस अजून वाचण्यासारखी आहे. मग पांढरं फिलिंग पूर्ण काढायचं, खाली कीड राहिलीय का बघायची, आणि काही आठवडे झिंक ऑक्साइड-युजेनॉलचं शामक सिमेंट घट्ट भरून ठेवायचं. नस निवली की कायमचं. युजेनॉल म्हणजे लवंगेतलं तेलच. त्यामुळे आत्यांनी लवंग दाताखाली धरायला सांगितली असेल तर हसू नकोस, त्यांचं शास्त्र बरोबर आहे. लवंगतेलाचा बोळा हिरडीवर दाबून ठेवू नये, एवढंच. हिरडी भाजते. आणि हे तेल पांढऱ्या फिलिंगला नीट कडक होऊ देत नाही, म्हणून कायमचं भरताना ते सिमेंट काढावं लागतं. तुझ्या डॉक्टरांना हे माहीत असतंच, तू फक्त आधीचं काय भरलंय ते सांग.

गारव्याची कळ मिनिटभर रेंगाळत असेल, किंवा कोरताना नस उघडी पडली, तर मी रूट कॅनलच सुचवेन. एरवी उघड्या नसेवर औषधाचं झाकण घालून वाट बघणं चालतं, मीही करते. पण विमानात आणि पाण्यात काम करणाऱ्याच्या बाबतीत करत नाही. ती झाकलेली नस कधी चिडेल याचा नेम नाही, आणि ती जमिनीवर चिडेलच असंही नाही. रूट कॅनल शक्यतो एका बैठकीत, नाही जमलं तर मधल्या काळात आत हवेची जागा न ठेवता भरायचं. दाढ उघडी ठेवून तुला विमानात चढू देणार नाही.

रजेचे दिवस. दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेचा, एफडीआयचा, सल्ला असा: भूल देऊन केलेल्या कामानंतर २४ तास आणि शस्त्रक्रियेनंतर ७ दिवस बुडी नाही, आणि दाब न राखलेल्या विमानातून उड्डाण नाही. डायव्हर, पाणबुडीतले नौसैनिक आणि वैमानिक यांनी वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी, हेही त्यातच आहे. तुझ्या विमानात दाब राखलेला असतो, तरी ड्युटीवर जाणाऱ्याला मी साध्या फिलिंगनंतर दोन दिवस आणि रूट कॅनलनंतर तीन दिवस थांबायला सांगते. म्हणजे भाऊबीजेला दाढ दाखवून दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळ, असं नको. धनत्रयोदशीच्या आधी ये. वसुबारसेला माझा दवाखाना उघडा असतो.

आत्यांचा तोडगा, दाढ काढणं. खालची दाढ वाचण्यासारखी असताना काढायची नाही, हे एक. आणि वरच्या दाढा तर मुळीच दुसऱ्या कारणावाचून काढू नकोस. वरची मागची दाढ काढताना कधी कधी तोंड आणि सायनस यांच्यात भोक पडतं. ते भरून येईपर्यंत डायव्हिंग बंद, आणि विमानाच्या ड्युटीचं डॉक्टरला विचारूनच.

पेनकिलरबद्दल मैत्रिणीचं मी ऐकणार नाही, तूही ऐकू नकोस. गोळीने नस निवत नाही, फक्त ती ओरडली तरी तुला ऐकू येत नाही. वर सर्दीच्या गोळ्यांत बहुतेकदा झोप आणणारं औषध असतं, ड्युटीवर ते घेऊन चालतच नाही. आणि एक गोष्ट तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेली असणार: केबिनचा दाब अचानक गेला तर काय करायचं. ३५ हजार फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असतो. ८ हजार फुटांच्या हवेला जेमतेम गप्प बसलेलं फिलिंग तिथे काय करेल, ते त्या दोन मिनिटांत कळून उपयोग नाही. तेव्हा दीडशे माणसं तुझ्याकडे बघत असतील. ऑफिसच्या मेडिकलला सांग. चार दिवस जमिनीवर बसवलं तर बसवलं. तसंही दाढेसाठी ते चार दिवस तुला हवेच आहेत.

विमानामुळे फिलिंग निघतं का, हे विचारलंस. तुझ्या विमानातल्या बदलाने चांगलं बसलेलं फिलिंग निघत नाही. सुटलेलं होतं ते निघतं, आणि दोष विमानाला जातो. कॅपचं थोडं वेगळं आहे. कॅप ज्या सिमेंटने चिकटवतात ते हाताने घोटताना त्यात बारीक हवेचे कण राहतात. डायव्हिंगइतक्या दाबाच्या चढउतारात ठेवून दात तपासले तेव्हा झिंक फॉस्फेट आणि ग्लास आयनोमर या दोन नेहमीच्या सिमेंटांची पकड कमी झाली, रेझिन सिमेंटची तशी झाली नाही. म्हणून नियमित डायव्हिंग करणाऱ्याने कॅप बसवताना डॉक्टरांना 'रेझिननेच बसवा' असं स्पष्ट सांगावं. तुझ्या जुन्या कॅपसाठी लगेच धावपळ नको. हलत नसेल, कडेला काळं दिसत नसेल, तर राहू दे.

आता मालवण. तुझा जीव त्यात अडकलाय, हे पत्राच्या अक्षरावरून कळतंय. पहिल्यांदा उतरणाऱ्यांना तिथे उथळ पाण्यातच, हाताला धरून नेतात. पण पाचच मीटर म्हटले तरी दीडपट दाब, विमानाच्या दुप्पट बदल. डावी दाढ दुरुस्त होऊन तीन दिवस झालेले असतील, गारव्याची शिवशिव गेली असेल, आणि नाक साफ असेल, तर खुशाल जा. यातलं एक जरी नसेल तर तू नावेत बस, भावंडांना उतरू दे. नाहीतर फक्त स्नॉर्केलिंग कर. पाण्याच्या वरच तरंगायचं, त्यात दाढेला काही नाही. सर्दीत मात्र पाण्याखाली जायचंच नाही, दाढ कितीही ठणठणीत असली तरी.

खाली जाताना दुखायला लागलं तर तिथेच थांब. पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा, म्हणजे 'काहीतरी गडबड आहे', मग बोट गालाकडे. इन्स्ट्रक्टर समजतो. थोडं वर येऊन बघायचं, नाही गेलं तर बुडी संपली. वर येताना दुखलं तर घाबरून एकदम वर झेपावायचं नाही. हळू यायचं आणि श्वास चालू ठेवायचा. दाढेचं दुखणं वर आल्यावर बघता येतं. श्वास रोखून भरभर वर आलं की फुप्फुसात फुगलेली हवा जिवावर बेतते. दातदुखी डायव्हरला घातक ठरते ती बहुतेक अशी, घाबरवून.

तोंडात धरायच्या नळीचा रबर घट्ट चावू नकोस. नवखी माणसं भीतीने दात आवळतात आणि संध्याकाळी जबड्याचा सांधा धरून बसतात. मग तीही दाढच वाटते.

अजून एक, जे कोल्हापूरकर सगळेच विसरतात. डायव्हिंगनंतर लगेच उंचावर जायचं नसतं. रक्तात मुरलेल्या नायट्रोजनला सावकाश बाहेर पडू द्यायचं असतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला विमानासाठी आहे, २ हजार ते ८ हजार फुटांच्या केबिनसाठी: एक साधी बुडी झाली असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त बुड्या असतील तर १८. आपला घाटमाथा त्या २ हजारांच्या उंबऱ्यावरच येतो. सकाळी पाण्यात, दुपारी थाळी, आणि संध्याकाळी घाट चढून रात्री घरी, हा आपला लाडका कार्यक्रम डायव्हिंगच्या दिवशी करू नका. उथळ पाण्यातल्या पाच-दहा मिनिटांत धोका थोडा असतो, पण रात्र मालवणला काढली तर सुरमई दोनदा खायला मिळते. आणि तुझी ड्युटी बुडीच्या दुसऱ्याच दिवशी लागू देऊ नकोस.

आत्यांचं राहिलं. वयापेक्षा हृदय, दमा, कान आणि रक्तदाब यांचं आधी बघायला लागतं. डायव्हिंगआधी प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात, त्यात खरं लिहायला सांग. डॉक्टरांनी हो म्हटलं तर उतरू दे त्यांना. मात्र त्यांच्या तोंडात काढता येणारी कवळी असेल तर ती किनाऱ्यावर, डबीत पाणी घालून, तुझ्या पिशवीत. नळी कवळीवर नीट धरता येत नाही आणि निसटलेली कवळी घशात जाऊ शकते. त्या कबूल होणार नाहीत. फोटो आधी काढून घ्या म्हणावं, मग कवळी काढा.